बारा नंबरचा कागद

कुठे नोकरीला, असं कुणी विचारलं की आमचे मास्तर सांगायचे, "मोजणी खात्यात." समोरच्याला वाटायचं जमिनीची मोजणी, आणि तो लगेच आपल्या कुंपणाचं भांडण काढून बसायचा. मास्तर सगळं ऐकून घ्यायचे. खरं म्हणजे औषधं तपासायच्या प्रयोगशाळेत ते उंदरांच्या लेंड्या मोजायचे. एकोणतीस वर्षं. पाठीमागे आम्ही त्यांना लेंडीमास्तर म्हणायचो, तोंडावर नुसतं मास्तर.

मी तिथेच अर्क काढतो. पानं, साली, मुळं वाळवायची, कुटायची, मुरत ठेवायची, गाळून आटवायची आणि बाटलीत भरायची. माझ्या अंगाला कायम कडू वास येतो, त्यामुळे बसमध्ये शेजारची जागा सहसा मोकळी असते. गेल्या वर्षी एका वेलीच्या मुळाचा अर्क बद्धकोष्ठावर चालतो का, हे बघायचं होतं. पद्धत सोपी आहे. आधी उंदरांना जुलाब थांबवायचं औषध देऊन त्यांचं पोट बांधायचं. मग काहींना अर्क पाजायचा, काहींना बाजारातलं नेहमीचं औषध, काहींना नुसतं पाणी. चोवीस पिंजरे, प्रत्येकाला जाळीचा तळ, आणि तळाखाली सरकत्या ट्रेमध्ये पांढरा टीपकागद. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, दर तासाला ट्रे ओढायचा, नव्या लेंडीभोवती पेन्सिलीनं गोल काढायचा, गोलाशेजारी तास लिहायचा आणि वहीत आकडा टाकायचा. रात्रभर ते कागद तसेच सुकत ठेवायचे, आणि सकाळी चाचणी बघणाऱ्या मॅडम लेंड्यांचं वजन करणार.

कुठल्या पिंजऱ्याला काय पाजलंय हे मास्तरांना कुणी सांगायचं नाही, असा नियम. मास्तर त्याच्याही पुढचे. ते उंदराकडे मान वर करून बघायचेच नाहीत. "तोंड बघितलं की दया येते, दया आली की एखादी जास्त मोजली जाते," म्हणायचे. उकिडवे बसून ते कागद बघायचे आणि उठायचे. त्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मोठ्या साहेबांनी एकदा सुचवून बघितलं होतं की चारदोन इकडेतिकडे झाल्या तर कुणाचं काय बिघडतंय. मास्तरांनी वही त्यांच्यापुढे सरकवली आणि पेन्सिल वर ठेवली. साहेब परत त्या खोलीत फिरकले नाहीत.

मास्तरांची बायको वर्षभर अंथरुणाला खिळून होती. हाडांचं दुखणं, त्यावर जबर गोळ्या. त्या गोळ्यांनी कळ थांबायची आणि पोटही थांबायचं. नेहमीचं औषध, एनिमा, सगळं करून झालं. मूलबाळ नाही, त्यामुळे करणारे हेच. तिच्या गादीवर रबराचं कापड, त्यावर पांढरी चादर, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तारीखवार आकडे. नोकरी काय आणि घर काय, माणसाच्या हातातली वही काही सुटली नाही.

एक दिवस डबा खाताना ते मला म्हणाले, "तुझा अर्क चालतोय का रे?"

"ते तुम्हालाच माहीत. मोजता तुम्ही."

"कागद बोलतात थोडंफार. छोटी बाटली देशील? हिला सहा दिवस झालेत."

मी चिडलो. "मास्तर, अजून उंदरांना धड कळलेलं नाही, माणसाला कसं देऊ? उद्या काही बरंवाईट झालं तर?"

ते "बरोबर आहे" म्हणाले आणि पोळीचा तुकडा मोडला. पुन्हा विषय काढला नाही. मी बरोबरच बोललो होतो, पण त्यानंतर त्यांच्यासमोर डबा उघडायला मला जड जायचं.

पाच दिवसांनी ती गेली. दुपारी आम्ही चारपाच जण पोचवायला गेलो. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी नाही. परत फिरताना मला म्हणाले, "उद्याच्या कागदांवर नंबर टाकायचे राहिलेत."

आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला माणूस हजर. मॅडम म्हणाल्या, "अहो, तुम्ही घरी जा. मी बघते."

"घरी काय करू?" मास्तरांनी विचारलं. ते नऊच्या ठोक्याला पहिल्या पिंजऱ्यासमोर बसले. दर तासाला बसले, उठले, बसले. चेहरा रोजच्यासारखा. मी चहा दिला, तो प्यायले. गार झाला होता हे त्यांना कळलं नसावं. मला वाटलं, बरं झालं, कामात जीव रमतोय. आपल्याला असं वाटून घ्यायला काय लागतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मला आत बोलावलं. टेबलावर बारा नंबरचा टीपकागद होता, कोरा करकरीत, एक डाग नाही. त्यावर पेन्सिलीनं काढलेले अकरा गोल, नीटनेटके, प्रत्येकाशेजारी तास. आत काहीच नव्हतं. वहीतही अकरा लिहिले होते.

"बारा नंबरचा उंदीर परवा संध्याकाळीच मेला होता," मॅडम म्हणाल्या. "मी नोंद केली, पण मास्तर तेव्हा इथं नव्हते. त्यांना सांगायचं राहून गेलं. पिंजरा रिकामा होता."

मी वहीतला आकडा पुन्हा बघितला. मॅडम हळूच म्हणाल्या, "मेलेल्या उंदराची ओळ तशीही गाळायचीच असते. ही पाण्याच्या गटातली आहे, गाळली की अर्काचा निकाल चांगला येतो. हा कागद मी फाडला तर कुणाला कळणार नाही." फाडला तर माझी दोन वर्षांची मेहनत वाचत होती आणि मास्तरांची अब्रूही. मी म्हणणार होतो, फाडा.

पण मास्तर दारात उभे होते.

ते आत आले, चष्मा लावून त्यांनी कागद बघितला, उजेडात धरला, उलटा केला. "अक्षर माझंच आहे," म्हणाले. मग एका गोलावर बोट टेकवलं. "मला दिसल्या होत्या. खोटं लिहायचं म्हणून नाही लिहिलं."

"आम्हाला माहीत आहे ते," मॅडम म्हणाल्या.

"घरी अकरा दिवस शून्य लिहीत होतो," मास्तर म्हणाले. आवाज रोजचाच, वाणसामानाची यादी वाचावी तसा. "हाताला शून्य नको झालं असेल." त्यांनी कागद परत टेबलावर ठेवला. "फाडू नका. सगळा दिवस रद्द करा. इथं अकरा नसताना दिसल्या, तर बाकीच्या तेवीस कागदांवर काय दिसलं असेल कुणास ठाऊक."

दिवस रद्द झाला. मोठे साहेब मास्तरांना भांडारात बसवायला निघाले होते, नोकरीची उरलेली दोन वर्षं बाटल्या मोजा म्हणून. मास्तर स्वतः त्यांच्याकडे गेले. एकोणतीस वर्षांत त्यांनी साहेबांकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. "चाचणी पुन्हा करा, मोजणी मलाच द्या. फक्त एक पिंजरा रिकामा ठेवा. कुठला ते मला सांगू नका. तिथं मी काय लिहितो ते बघा. पुन्हा गोल काढला तर मीच घरी जातो."

पाच आठवड्यांनी चाचणी पुन्हा लागली. या वेळी पिंजऱ्यांना कापडाचे पडदे लावले होते. रिकामा पिंजरा मॅडमनी निवडला आणि मलाही सांगितला नाही. माझं काम फक्त वही धरायचं. खरं सांगतो, त्या दिवशी मला माझ्या अर्काची फिकीर नव्हती. ते सतरा नंबरला पेन्सिल टेकवताना थोडे थांबले तेव्हा मी वाकून बघितलं, तिथे खरंच एक लेंडी होती, बारीक, कडेला.

पहिल्या तासाला पाण्याच्या गटाचे बरेच कागद कोरे निघाले, बांधलेलं पोट लवकर सुटत नाही. मग एकेक कागद भरत गेला, नऊ नंबरचा सोडून. दोन वाजता नऊ नंबरचा ट्रे ओढला. पांढरा. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. पेन्सिल कागदाच्या वर तरंगत होती. मी वही धरून उभा. बोलायची मनाई होती.

त्यांनी पेन्सिल कानावर खोचली. "शून्य," म्हणाले. मी लिहिलं. मग त्यांनी तळहात त्या कागदावर ठेवला, चादरीवरची सुरकुती काढतात तसा फिरवला.

"इथं कुणी नाहीये," ते म्हणाले.

आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज जराही नाही. मी वही खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो. समोर टीपकागदावर दोन थेंब पडले, पसरले. मास्तरांनी सवयीनं त्यांच्याभोवती गोल काढला आणि लिहिलं, 'माझे. मोजू नये.'

थोड्या वेळानं नाक पुसून ते म्हणाले, "घरची चादर अजून रोज बदलतो मी. रबराचं कापडही तसंच आहे."

मी खाली ठेवलेली वही उचलली.

"आज ती गादी उचलायची आहे. एकट्यानं उचलवत नाही. येशील?"

"येतो," मी म्हटलं.

त्यांनी नऊ नंबरचा ट्रे आत सरकवला. पाच वाजायला अजून तीन तास होते. ते गुडघ्यावर हात टेकून उठले नाहीत, तसेच बसल्या बसल्या दहा नंबरकडे सरकले.