डिस्कवरचं कुंकू

फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. भाचा होता. "आत्या, बाबाची गाडी बांधीत गेली," एवढं सांगून तो रडायलाच लागला. नवेगाव बांधच्या रस्त्यालगत, उभ्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात. अशा वेळी कुठलीही बहीण विचारेल ते, म्हणजे दादा कसा आहे, फार लागलं का, हे मी विचारलंच नाही. माझ्या तोंडून निघालं, "ब्रेक लागला नाही का रे?" त्याला ते ऐकू गेलं नसावं. गॅस बंद करून मी तिथेच फरशीवर बसले. आठच दिवसांपूर्वी, दसऱ्याला, त्या गाडीच्या चारही डिस्कना मी माझ्या हातानं तेलात कालवलेलं कुंकू लावलं होतं... आणि डिस्कला तेलाचा हात लावायचा नाही, हे दादानं मला उन्हाळ्यात दोनदा बजावून सांगितलं होतं.

माझा दादा म्हणजे हेमराज मिस्त्री. नवेगाव बांधकडच्या दहा-बारा गावांत ज्याच्याकडे पाण्याचा पंप, ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र होतं, त्यानं कधी ना कधी दादाच्या शेडसमोर बसून चहा प्यालेला आहे. तीस-पस्तीस वर्षं त्यानं हीच दुरुस्ती केली. मग दुकान मुलाच्या हाती दिलं आणि साठी ओलांडल्यावर, लोक तीर्थयात्रेला निघतात त्या वयात, नागपूरहून एक लाल रंगाची, दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार घेऊन आला. जुनी, कित्येक दिवस कुणाच्या तरी आवारात सडत पडलेली. वहिनीनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिनं विचारलं की यात नातवंडं कुठे बसतील आणि धानाची पोती कुठे ठेवायची. दादा म्हणाला, यात फक्त तू आणि मी बसायचं. वहिनी लाजली नाही, तिनं कपाळावर हात मारला. पण पुढे दर आठवडी बाजाराला त्याच गाडीत, डोक्यावरचा पदर दातात धरून, बसून जायला लागली ही गोष्ट वेगळी. नागझिऱ्याला वाघ बघायला निघालेले पर्यटक रस्त्यात थांबून त्या गाडीचे फोटो काढत. दादा त्यांना म्हणे की वाघ दिसेल न दिसेल, ही तर दिसली.

त्या गाडीच्या आधीच्या मालकानं इंजिन बदलून ताकद वाढवली होती आणि ब्रेक मात्र जुनेच ठेवले होते. एकदा तलावाकडच्या उतारावर समोर म्हशी आल्या. दादानं ब्रेक दाबला, गाडी थांबली, पण पुढच्या म्हशीपासून जेमतेम वीतभर अंतरावर. घरी येऊन त्यानं मला गोंदियाला फोन केला. "बाई, पळवाले कोणी बी पळवते. हिले थांबवाचं पायजे." आमच्याकडे भाऊ बहिणीला बाई म्हणतो. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, घरात बसून सगळ्यांच्या चुका काढत होते, तेव्हा माझ्या मुलांनी आनंदानं मला उन्हाळाभर मामाकडे रवाना केलं.

काम असं होतं की पुढच्या दोन चाकांना मोठ्या डिस्क बसवायच्या, मागचे जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक काढून तिथेही डिस्क घालायच्या आणि पेडलचा दाब तेलातून चारही चाकांना पोचवणारा, त्या सगळ्यांना पुरेल असा नवा मास्टर सिलिंडर लावायचा. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. तिला दोन्हीकडून चिमटीत धरतो तो कॅलिपर, आणि त्या चिमटीत जे घासतात ते पॅड. हे मला आता झोपेत विचारलं तरी सांगता येतं. डिस्क एका मोठ्या गाडीच्या भंगारातून आणल्या, त्या बसवायला लागणाऱ्या पट्ट्या गोंदियातल्या लेथवर दादानं समोर उभं राहून कापून घेतल्या, आणि तीनदा परत केल्या. माझं काम पाने पुसून हातात द्यायचं, बोल्ट मोजून वाटीत ठेवायचे आणि दर तासाला चहा करायचा. मी एकदा खोबरेल लावलेल्या हातानं डिस्क उचलली तेव्हा तो माझ्यावर असा ओरडला की मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. संध्याकाळी मग शांतपणे समजावून सांगितलं... तेल लागलं की पॅड ते पिऊन टाकतो, मग ब्रेक धरतच नाही.

सगळं बसलं आणि ब्रेक ऑइलच्या नळ्यांत अडकलेली हवा काढायची वेळ आली. मी गाडीत बसून पेडल दाबायचं, दादानं खाली झोपून बोल्ट सैल करायचा, हवेचे बुडबुडे निघाले की तो आवळायचा, मग मी पाय सोडायचा. दोन दिवस हेच. ब्रेक ऑइलच्या बाटल्या संपल्या, माझी पोटरी सुजली, पण पेडल आपलं भिजल्या भाकरीसारखं मऊच. दादानं एकेक जोड पुन्हा आवळून पाहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, चाकाशी वाकून पाहिलं आणि विचारलं, "दादा, पंपाची हवा तू वरच्या बोल्टातून काढतस ना? मंग याचा बोल्ट खाली काऊन?" आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हे ठाऊक असतं, हवा वर जाते आणि तिला वरूनच वाट द्यावी लागते. दादा वाकून पुढची दोन्ही चाकं पाहून आला. पुढचे दोन्ही कॅलिपर त्यानं उलटसुलट बसवले होते, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. साऱ्या तालुक्याच्या पंपांची हवा काढणारा माणूस! मग तो जमिनीवर उताणा झोपून पोट धरून हसला आणि वहिनीला हाक मारून सांगितलं की आजपासून शेडची मालकीण बाई आहे. दुपारपर्यंत पेडल दगडासारखं झालं. संध्याकाळी इटियाडोह धरणाच्या कालव्याकडच्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही नवे पॅड घासून डिस्कवर नीट बसते करायला गेलो. वेग घ्यायचा, दाबायचं, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा. मी शेजारी बसून देवाचं नाव घेत होते, आणि खरं सांगते, साठीच्या उंबरठ्यावर इतकी मजा मला कधी आली नव्हती.

म्हणूनच दसऱ्याला मी ते केलं. वहिनीनं गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मला वाटलं, बॉनेटनं काय केलंय? राबलो तर आपण या डिस्कसाठी. आमच्या घरी विळा, कुऱ्हाड, पहार यांना कुंकू लावायचं तर तेलात कालवून लावतात, नाहीतर लोखंडावर ते टिकत नाही. हात सवयीनं तेलाच्या पळीकडे गेला. चाकाच्या आऱ्यांतून बोट घालून मी चारही डिस्कना भरघोस मळवट भरला. दादा तेव्हा आंघोळीला गेला होता. मग नारळ फुटला, दादा लिंबावरून गाडी काढून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आला, आम्ही सोनं लुटलं आणि मी संध्याकाळच्या बसनं गोंदियाला परतले. तेलाचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. तो आला थेट त्या फोनवर.

दादा हॉस्पिटलला पोचण्याआधीच गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. सगळ्यांना पटलं, मला पटेना. आधी हृदय बंद पडलं, की आधी ब्रेक लागला नाही आणि त्या धसक्यानं हृदय? गावात कुणी कुणी म्हणतही होतं की घरी बसवलेले ब्रेक, दुसरं काय होणार. मी ते ऐकायची आणि खाली मान घालायची. दादाच्या हाताला बोल लागत होता आणि चूक माझ्या बोटाची होती. शेडमध्ये ती लाल गाडी उभी होती, मी तिच्याकडे पाहिलंही नाही. तेरवीपर्यंत मी जेवले, वाढलं, लोकांशी बोलले, आणि ब्रेक लागला होता का, हा एक प्रश्न कुणालाही विचारला नाही, कारण विचारायचा म्हणजे आधी कुंकवाचं सांगावं लागलं असतं.

तेरवीनंतर दोन दिवसांनी भाऊबीज होती. घरात सण नव्हताच. परतायला पिशवी भरली आणि मला पुढे हलवेना. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगून टाकलं, तेल, कुंकू, दादानं दोनदा बजावलेलं... सांगताना तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. वहिनीनं सूप बाजूला ठेवलं.

"बाई, इतके दिवस हे घेऊन बसल्या होत्या का तुमी?" ती म्हणाली. "दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी चारही चाकं खोलून बसले होते ते. डिस्क धुतल्या, पॅड नवे टाकले. मी म्हटलं, आता कायले खोलून राहिले? तं हासाले लागले. म्हणे, बाईनं ब्रेकची पूजा केली. तिले सांगू नोको, तिले झोप येनार नाही."

भाचा शेडमधून आला, त्यालाही तिनं सांगायला लावलं. तो म्हणाला, गाडी न्यूट्रलमध्ये होती. बाबानं ती कडेला घेऊन थांबवली असणार, मग पाय सुटला आणि ती हळूच बांधीत उतरली, पुढचा दिवासुद्धा फुटला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः ती चालवत घरी आणली होती. ब्रेक एकदम कडक, आत्या. मी विचारलं असतं तर हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं असतं.

मला रडू आलं, पण ते सुटकेचं होतं. सख्खा भाऊ गेल्याच्या महिन्यात हायसं वाटलं असं लिहिताना कुणी नाव ठेवील, ठेवू दे. मला हायसं वाटलं. तो आमच्या ब्रेकनं गेला नाही. थांबायचं तिथे तो थांबला होता.

वहिनी उठून देवघरातून एक पितळी ताटली घेऊन आली. तीत आठ पॅड होते, कडांना वाळलेलं तेलकट कुंकू. कुंकू लागलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकायची म्हणून दादानं ते देवांपाशी ठेवले होते, दिवाळीला तलावात सोडू म्हणाला होता. वहिनीनं ताटली माझ्या मांडीवर ठेवली. "घ्या. तुमची ओवाळणी."

बसमध्ये ती पिशवी मी मांडीवरून खाली ठेवली नाही. कंडक्टर म्हणाला, एवढं जड का आहे बाई, खाली ठेवा ना. मी म्हटलं, राहू द्या, भावानं दिलं आहे.