जिभेखालची गोळी

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. मंदिरात डोळे मिटून बसले तेव्हा देवालाही नाही — त्याला ठाऊक असेल तर असो बापडा.

शेलूबाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. सासरे — आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो — छातीच्या दुखण्यानं बेजार झाले, ती आणीबाणीच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अकोल्याच्या डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. गिळायच्या नाहीत, जिभेखाली धरायच्या. दुकानात चालत जायच्या आधी एक धरली की कळ यायचीच नाही. बाटली माझ्या ताब्यात. मामाजी नुसती जीभ वर उचलायचे, मी गोळी ठेवायची.

पण आम्ही जैन. मामाजींचा चौविहार — दिवस बुडाला की पाण्याचा थेंबही तोंडात नाही. "अहो, गिळायची कुठे आहे?" डॉक्टर म्हणाले. "तोंडात गेलं ते गेलं," मामाजी म्हणाले. आणि मला बजावलं, "सूनबाई, दिवस बुडाल्यावर मले गोळी देऊ नको. काही झालं तरी."

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पुढचं — सांगते, जरा दम धरा.

त्या संध्याकाळी घरात मी आणि मामाजीच, बाकी सगळे मंदिरात गेले होते. मामाजी मागच्या अंगणात बाजेवर बसले होते. दिवस बुडाला होता, पण उजेड रेंगाळत होता — उन्हाळ्यात तो पिवळा उजेड असतो ना, सगळं दिसतं आणि कशालाच सावली नसते? हाक आली नाही. मी उगाच वळून पाहिलं. त्यांचा हात छातीवर होता, आणि तोंड उघडून त्यांनी जीभ वर उचलली होती.

ते मागत होते. व्रत त्यांचं, मोडायचा हक्कही त्यांचाच — हे मला तेव्हाही कळत होतं. मी गोळी काढली, मुठीत घेऊन जवळ गेले. आणि म्हणाले, "मामाजी, दिवस बुडाला."

काहून म्हणाले मी असं? पहिल्या बाळंतपणात मला ताप चढला होता, घशाला कोरड पडली होती. पाणी मागितलं तेव्हा दाराबाहेरून त्यांनी हेच शब्द ऐकवले होते. ते मला आठवलं. आणि बरं वाटलं. हो — बरं वाटलं.

मी उभी राहिले. ते माझ्याकडे पाहत राहिले. मग पाहणं थांबलं, डोळे तसेच राहिले. जीभही.

मूठ उघडली तर गोळी नव्हती, घामात विरघळली होती. आणि बाप्पा! माझं डोकं ठणकायला लागलं, तोंड तापलं, कानशिलं उडू लागली. त्यांचं औषध हाताच्या चामडीतून माझ्या अंगात भिनत होतं. मी त्यांच्या छातीला कान लावला. धडधड ऐकू आली. कितीतरी वेळानं कळलं, ती माझीच होती.

मंडळी परतली. माझा लालबुंद चेहरा पाहून सासूबाईंनी मला पोटाशी धरलं. "पोरीनं काळजावर दगड ठेवून व्रत राखलं त्याईचं," त्या गावभर सांगत राहिल्या. मी मान खाली घालायची. लोक त्याला विनय म्हणायचे.

आता नातू औषधशास्त्र शिकतो. परवा सांगत होता — काही औषधं हृदयाच्या पेशींना आधीच निरोप धाडतात, रक्त कमी पडणार आहे, सावध राहा. पेशीच्या आत तो निरोप हातोहात पुढे जातो, आणि वेळ आली की ती तग धरते. या गोळीचंही तसंच आहे म्हणे. "आजी, तुझं काळीज या वयात एवढं ठणठणीत कसं गं?" त्यानं हसत विचारलं. मी उठून चहा ठेवायला गेले.

गावाला वाटतं, मामाजी व्रत पाळत गेले. नाही. ते माझ्याकडे मागत मागत गेले.