मावशीच्या पडवीतलं मांडीचं हाड

जिवंत नातेवाइकांपेक्षा मेलेल्या जनावरांत ज्याचा गोतावळा मोठा, असा गृहस्थ साऱ्या बेळगाव-निपाणी मुलखात एकच होता, आणि तो माझ्या मावशीच्या वाट्याला आला होता. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. रेल्वेच्या नोकरीत त्यांची हयात जबलपुराकडं गेली. तिथल्या टेकड्यांत प्राचीन राक्षसी सरड्यांची दगड झालेली हाडं सापडतात, हे कुणा साहेबाकडून कळलं आणि त्यांच्या सगळ्या सुट्ट्या टेकडीवर जाऊ लागल्या. त्यातही त्यांना हवे ते फक्त शिकारी सरडे. "चरणारी जनावरं आमच्या बेळगुंदी गावातबी हाईत," ते म्हणत. पेन्शन घेऊन बेळगावला टिळकवाडीत आले, तेव्हा सामानात भांड्यांपेक्षा दात, नख्या आणि मणके जास्त होते. मावशीच्या घरात मांस शिजत नसे. मांस खाणाऱ्याचं हाड उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, आणि आप्पांचा सगळा संसार पडवीत मांडला गेला. तिथल्या बाकावर एक अजस्र मांडीचं हाड आडवं पडलेलं असे. निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी एकदा चुकून त्यावर टेकले. आप्पा शांतपणे म्हणाले, "बसा सावकाश. ह्यो जिता असता तर तुमी आतापावेतो त्याच्या पोटात असता." व्यापारी चहाला थांबले नाहीत.

पुढं पुण्याचे एक प्राध्यापक मुद्दाम हा संग्रह बघायला आले. आप्पा कोट-रुमाल घालून सकाळपासून तयार होते. प्राध्यापकांनी दातांची तारीफ केली, नख्यांची केली. मग त्या मांडीच्या हाडाचं तुटकं टोक निरखून ते म्हणाले, "हे आतून भरीव आहे. शिकारी जातीचं असतं तर पोकळ असतं. हा पाला खाणारा."

"परत एकदा बघा," आप्पा म्हणाले.

त्यांनी परत बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

इतकी वर्षं त्या हाडाशी भांडलेली मावशी दारातून बाहेर आली. "ह्यांनी उभा जन्म त्याच्यासंगं काढला, त्यांस्नी कळलं न्हाय, आन् तुमास्नी घटकाभरात कळलं व्हय?"

"त्ये बरोबर बोलत्यात," आप्पा म्हणाले. "तू आत जा."

पाहुणे गेल्यावर मावशीनं दोन गडी बोलावले आणि हाड माजघरात आणवलं. पाला खाणाऱ्याला तिची हरकत नव्हती. ते घरात यावं म्हणून आप्पा किती भांडले होते. ते आलं, तेव्हा मात्र आप्पा पडवीतल्या रिकाम्या बाकावर बसून राहिले. नंतर हाडावरची धूळ मावशीच पुसू लागली. आप्पा त्याच्याकडं न बघता माजघरातून ये-जा करत. एकदा ती पुसता पुसता त्यांना म्हणाली, "पाला खाणारं असलं तरी आपलंच हाय, ओ."