पास झालेली भिंत

परदेशातली कंपनी पोराला व्हिसा देणार, पण आधी गवंडीकामाची परीक्षा, म्हणून मीही सोबत गेलो. पोरानं सिमेंटऐवजी चिखलमातीत विटा लावून कंबरेएवढी भिंत उभी केली. परीक्षा घेणाऱ्या साहेबानं ओळंबा लावून भिंत सरळ आहे का बघितलं, पास म्हणाला आणि लगेच म्हणाला, "आता पाड. विटा धुऊन ठेव, पुढच्याला लागतील."

जन्मभर भिंती बांधलेला मी, मला राहवेना. "साहेब, ओळंब्यात उभी भिंत कुणी पाडतं व्हय?"

"आबा, गप बसा. व्हिसा जाईल," पोरगं विटा उतरवत पुटपुटलं.

 पण माणसाचं चांगलं काम त्याच्याच हातानं मोडायला लावायचं, ही कुठली रीत? पोरगं आता जाईल तिकडं. आमच्या घराची मागची भिंत त्याच्याच हातची आहे. ती पाडायला या म्हणावं साहेबाला, मी दारातच बसलोय.