मी वाचलो, मेंढा गेला

हसू नका म्हणून काही उपयोग नाही, तुम्ही हसणारच! पण मी एकदा जिवंतपणीच स्वतःचा निरोपसमारंभ उरकून घेतलाय.

एकोणीसशे नव्वदच्या दशकातली गोष्ट. पोट सारखं बिघडायचं, रक्तही पडायचं, म्हणून वडूजहून एकटाच सांगलीला गेलो. विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी नळी घालून तपासलं. म्हणाले, "मोठ्या आतड्याला सूज आहे. बरं वाटलं तरी या गोळ्या सोडायच्या नाहीत. ही सूज वर्षानुवर्षं राहिली तर कॅन्सर..."

झालं! माझे कान तिथंच बंद. डॉक्टर पुढे बराच वेळ बोलत होते. मी मान हलवत होतो आणि मनात तिरडी बांधत होतो.

घरी येऊन बायकोला म्हटलं, "रखमा, कुणाला सांगू नगंस. मला कॅन्सर हाय."

तिनं कुणालाही सांगितलं नाही. फक्त असा हंबरडा फोडला की सांगायचं कुणी उरलंच नाही!

दुसऱ्या दिवशी लघवी चक्क केशरी. संपलंच की हो!

माणसं शहाळी घेऊन भेटायला यायला लागली. मी उशीला टेकून एकदम उदार झालो. माझा राजा नावाचा मेंढा होता, टकरीत कधी न हरलेला. चुलतभाऊ महादाचा त्याच्यावर केव्हापासून डोळा.

"महादा, राजा तुला दिला रं."

महादा ढसाढसा रडला. "दादा, आसं बोलू नगंस! तू वाचलास तर ह्योच राजा बिरोबाला देतो!"

मलाही भरून आलं. केवढं हे प्रेम!

गोळ्या संपत आल्या तशी रखमानं मला ओढत सांगलीला नेलं. "डाक्टर, आमच्या मालकांचं किती दिस ऱ्हायलं?"

"कसले दिवस? अहो, कॅन्सर नाहीच! गोळीनं सूज दबून राहिली तर पुढे कॅन्सरचा धोकाही कमी होत असावा, असं आता म्हणतात. पक्कं नाही अजून. म्हणून गोळी सोडू नका म्हटलं."

"आन् लघवी केशरी हुती ती?"

"गोळीचा रंग आहे तो. तेही सांगितलं होतं की!"

एसटीत नाचायचंच काय ते बाकी होतं! गावात उतरल्या उतरल्या ओरडलो, "मी मरत न्हाई!"

महादानं कडकडून मिठी मारली. मग त्यानं वळून, सोबत आणलेल्या राजाकडं बघितलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आरं, कॅन्सर नव्हताच, मग नवस कसला?"

"वाचलास न्हवं? बिरोबाला फशीवतोस व्हय!"

सगळं गाव जेवलं. माझ्या ताटात मऊ भात, कारण डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं. महादा बोटं चाटत म्हणतो, "दादा, राजा लय चवीला निघाला गड्या!"

गोळी मात्र तेव्हापासून चुकवत नाही. पुन्हा काही झालं तर गोठ्यात आता एकटी म्हैसच उरलीय, आणि महादाचं माझ्यावरचं प्रेम तर काही कमी झालेलं नाही!