शेणात थापलेलं बी

दिपमाला आमच्या जळगावच्या कॉलेजात पीएचडी करते. माझं टेबल तिच्या शेजारीच, त्यामुळे तिचं हसणं-रडणं माझ्याही वाट्याला येतं. ती पारोळ्याकडच्या खेड्यातली. तिची आई तानुबाई परसात भरताची जुन्या वाणाची वांगी लावायची, पांढुरकी, देठाला काटे असलेली. आता ती आसपास कुणाकडेच नाहीत. दिपमालाने संशोधनाला नेमकी तीच घेतली. घरचं प्रकरण जड जातं, दुसरं काही घे, असं मी तिला बजावलं होतं. ऐकेल तर शपथ.

काम सांगायला सोपं आहे. जीनमधली ए, टी, जी, सी ही अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचतात, त्या गटाला कोडॉन म्हणतात. एकच गोष्ट सांगणारे अनेक कोडॉन असतात आणि प्रत्येक जीव त्यातला आपल्या आवडीचा जास्त वापरतो, जसं आम्ही कॉलेजात 'आहे' म्हणतो आणि घरी गेलो की अहिराणीत 'शे'. सॉफ्टवेअर हे सगळं मोजून तक्ता काढून देतं. त्या तक्त्यावर दिपमालाचा प्रबंध उभा राहणार होता.

मागच्या वर्षी वांग्यांवर रोग पडला आणि झाडं गेली. उरलं फक्त भिंतीवरचं बी. त्यांच्या घरी बी शेणात कालवून भिंतीला थापून ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. तानुबाई ते द्यायला तयार नव्हती. तेव्हा दिपमालानेच तिला समजावलं, की एकदा कंप्युटरमध्ये गेलं की तुझं वांगं कायमचं राहील. आईने भिंत खरवडून सगळं बी तिच्या ओटीत घातलं.

असं बी प्रयोगशाळेत आधी ब्लीचने धुवायचं असतं. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे माहीत असतं. हिने साध्या पाण्याने धुतलं. आईच्या हातच्या बियाला ब्लीच लावायला मन होईना, म्हणाली. मला असा संताप आला! नमुने फसत गेले, दर वेळी ही आणखी बी कुटत गेली, आणि एकदाचा नमुना जमला तेव्हा बियाची डबी रिकामी होती.

तक्ता स्क्रीनवर आला तेव्हा मी मागेच उभा होतो. वांग्याच्या कोडॉनच्या शेवटी सहसा ए किंवा टी जास्त दिसतात. इथे जिकडे तिकडे जी आणि सी. तिने अक्षरं इतर जीवांच्या नोंदींशी जुळवून पाहिली, तर बहुतेक जीन शेणातल्या जंतूंचे निघाले. ते गाळल्यावर वांग्याचे तुटके तुकडे उरले, त्यांचा कसला तक्ता होणार? तिचे मार्गदर्शक सर चिडले नाहीत. नवीन बी आणा, नाहीतर विषय बदला, एवढंच म्हणाले. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

आईला विचारावं की नाही, यात तिची दुपार गेली. शेवटी तिने फोन लावला आणि टेबलावर स्पीकरवर ठेवला. घरी थोडं बी राहिलं असेल का, एवढंच तिने विचारलं.

"नई व माय, बठ्ठं तुलेच दिधं," तानुबाई म्हणाली. आवाजात काळजी नव्हती, उलट लेकीचं कौतुक होतं. "आते घरमा एक दाना नई. पन मन्हं वांगं तुन्हा कंप्युटरमा शे ना?"

दिपमालाने माझ्याकडे पाहिलं.

"हाव माय," ती म्हणाली. "शे."