पडलेला गुण्या

गुण्या माझ्या हातून पडला आणि मी तो गुपचूप उचलून जागेवर ठेवला. चूक एवढीच असती तर ती सांगायला मला दीड महिना लागला नसता.

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं पोलादी अवजार. नांदेडच्या ज्या कम्युनिटी कॉलेजात मी अभियांत्रिकी तंत्रज्ञानाची पदविका करत होतो, तिथल्या वर्कशॉपची एक रीत होती. गुण्या पडला, मग तो वीतभर उंचीवरून का पडेना, पाडणाऱ्याने हात वर करून सांगायचं. सर त्याला तांबडा दोरा बांधून खिडकीत ठेवत. पडलेला गुण्या दिसतो जसाच्या तसा, पण त्याचा कोन केसभर हललेला असू शकतो. त्यावर विसंबून घासलेला तुकडा वाया जातो. लोखंड घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही.

मी सेहेचाळीस वर्षांचा. लातूरच्या एका डाळमिलमध्ये वीस वर्षं फिटर. पदविकेशिवाय सुपरवायझर करणार नाही असं मालकांनी सांगितलं, म्हणून शनिवार-रविवारच्या वर्गाला नाव घातलं. दर शनिवारी पहाटेची एसटी धरायची. पहिल्या सहामाहीत माझ्या हातून असाच एक गुण्या पडला होता. तेव्हा मी रीतीप्रमाणे हात वर केला. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, डाळ न्हाई ती, सांडायला!" सगळं वर्कशॉप हसलं. सरही हसले. मीसुद्धा हसलो, पण ते आत कुठेतरी रुतून बसलं.

माझ्याच बाकावर उमरीची एक मुलगी काम करायची. बावीस वर्षांची, वडिलांचं पंपदुरुस्तीचं दुकान. लोखंड घासायची कानस चालवताना ती आधी तिच्या आवाजाकडे कान द्यायची. मला म्हणायची, "काका, तुमची कानस रडून राहिली. दाब कमी करा जरा." लातूरच्या एका कारखान्याने तिला निवडलं होतं. अट एकच होती, या वेळच्या परीक्षेत पास होऊन पुढच्या महिन्यात हजर व्हायचं. माझ्या बायकोने आमच्या गल्लीत तिच्यासाठी खोलीही पाहून ठेवली होती.

प्रात्यक्षिक परीक्षेला दोन तुकडे करायचे होते. एकात चौकोनी खाच, दुसरा त्या खाचेत बसणारा. बसवून ट्यूबलाइटसमोर धरला की फटीतून उजेड दिसता कामा नये. बाकावर दोघांत एक गुण्या. सकाळी तिने तो पत्र्यावर ठेवून रेघ मारली, उलटवून पुन्हा मारली. दोन्ही रेघा एकावर एक आल्या. गुण्या खरा होता.

दुपारपर्यंत तिचा खाचेचा तुकडा तयार झाला. दुसऱ्याला भोक पाडायला ती ड्रिलकडे गेली आणि माझं कोपर लागून गुण्या फरशीवर पडला. यंत्रांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. गुण कापतील ही भीती होतीच, पण खरं सांगायचं तर मला ते हसणं पुन्हा नको होतं. मी गुण्या उचलला, पुसला, ठेवला. आणि पिशवीतून मिलमधला माझा स्वतःचा गुण्या काढला.

ती परत आली. "हे काय, काका?"

"डोळ्याला हाच सवयीचा हाय," मी म्हणालो.

मग ती पडलेला गुण्या लावून घासू लागली. घासायची, लावून बघायची, पुन्हा घासायची. प्रत्येक वेळी वाटलं, आता सांगतो. हा एक हात मारून होऊ दे, मग सांगतो. माझा तुकडा माझ्या खऱ्या गुण्याने नीट उतरत होता.

शेवटचा अर्धा तास उरला तेव्हा ती माझ्याकडे वळली. चेहरा उतरला होता. "काका, बघा ना. गुण्या बरोबर दाखवून राहिला, अन् जोड बसंना."

अजून वेळ होता. नवा तुकडा मिळाला असता, सरांनी वेळ वाढवून दिला असता. मी म्हणालो, "हात थकला असंल. हळू घास."

तिने माझं ऐकलं. हळू घासलं.

सरांनी तिचा जोड उजेडासमोर धरला तेव्हा एका कडेने लांबलचक पांढरी रेघ दिसली. माझा जोड धरला तेव्हा काहीच दिसलं नाही. "वा, काका!" सर म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

त्यानंतर रोज सकाळी पूजेला इष्टलिंग तळहातावर घेतलं की तोच तळहात दिसायचा, ज्याने मी गुण्या पुसला होता. बायकोने विचारलं, "पोरगी कधी येणार? खोलीवाले विचारून राहिले." मी म्हणालो, नापास झाली. का, ते सांगितलं नाही. खोली दुसऱ्याला गेली. कारखान्याने मुदत वाढवली होती, पण तिची जागा फेरपरीक्षेपर्यंतच राखली होती.

दीड महिन्याने प्रमाणपत्र घ्यायला नांदेडला गेलो. परीक्षेनंतर बंद असलेलं वर्कशॉप त्याच सकाळी उघडलं होतं. दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षा होती आणि ती आमच्या बाकावर सराव करत होती. तिच्यासमोर पत्रा होता, पत्र्यावर दोन रेघा. खाली जुळलेल्या, वर फाकलेल्या.

"काका, सापडली बघा चूक," ती म्हणाली. "गुण्याच खोटा हाय. त्या दिवशी मीच नीट तपासला नसंल. उगं मशिनीला, लोखंडाला दोष देत बसले."

मला नुसतं "हाव" म्हणून प्रमाणपत्र घेऊन निघता आलं असतं.

"तू नीट तपासला होता," मी म्हणालो. "तू ड्रिलवर असताना माझ्या हातून पडला."

तिने पत्रा बाजूला सारला. मग हळूच विचारलं, "म्हणून तुमचा काढला होता व्हय, पिशवीतून?"

पडला एवढंच सांगून सुटायचा माझा बेत होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"हाव. म्हणूनच."

"अन् मी विचारलं, तवा?"

"तवाबी मला ठाऊक होतं."

सर टेबलाशी बसले होते. मी वर्कशॉपच्या मधोमध उभा राहिलो आणि हात वर केला. सरावाला आलेली बाकीची पोरं मान वळवून बघू लागली. गुण्या मी पाडला, परीक्षेच्या दिवशी, आणि ते लपवलं, हे मी मोठ्याने सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. मग मी तिच्याकडे वळलो.

"तुझा हात थकला नव्हता, बाई. मी खोटं बोललो. मला माफ कर."